खुन्याला घाम फुटू द्या

वाई तालुक्यातल्या धोमचं प्रकरण ऑगस्ट २०१६ मध्ये उघड झालं. डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एका माणसावर २००३ पासूनच्या सहा खुनांचे आरोप ठेवले गेले. मयतांत पाच बायका. चार वर्षांनी, ३१ ऑगस्ट २०२० ला, त्याच प्रकरणाचा धागा धरून झी मराठीवर 'देवमाणूस' सुरू झाली. निर्माती साताऱ्याची, चित्रीकरण साताऱ्याच्या आसपास, बोली इथलीच. नावगाव बदललं होतं, पण कृष्णाकाठच्या प्रेक्षकाला काय ते कळत होतं.

तेव्हापासून एक प्रश्न अधूनमधून डोकं वर काढतो : असला माणूस मालिकेचा नायक करावा का? करावा. खुन्याला मधोमध बसवून गोष्ट सांगण्यात गैर काही नाही, जगभरची नाटकं ते करत आली. भांडायचं तर तो कसा उभा केला यावरून भांडावं. तिथं मात्र आपण फार लवकर खूश होतो. 'काय थंड नजर आहे!' म्हटलं की अभिनयाला पैकीच्या पैकी गुण. लेखकही तेच धरून चालतात, की माणसातली माया, भीती, लाज काढून घेतली की उरेल तो थरारक.

माझं म्हणणं उलटं आहे. यंत्रासारखा खुनी हा पडद्यावरचा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात खोटा खुनी. थंडपणा हा त्याचा जन्मजात स्वभाव म्हणून दाखवला की त्याच्याकडे बघण्यासारखं काही उरत नाही. तो थंडपणा त्याला कमवावा लागतो, त्यात घाम जातो, कधी तो ऐन वेळी जमत नाही, हे दाखवलं तर बघणारा खुर्चीत चुळबुळ करू लागतो. कारण तेवढी कमाई थोड्याफार प्रमाणात आपणही करत असतो.

आधी शास्त्राचं बघू, कारण 'असे लोक असतातच हो' हा युक्तिवाद लगेच येतो. 'सायकोपॅथी' या मनोविकृतीच्या मोजमापासाठी कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी केलेली यादी २० मुद्द्यांची आहे. प्रत्येक मुद्द्याला शून्य ते दोन गुण, एकूण ४०, आणि साधारण ३० च्या पुढे माणूस त्या गटात धरतात. यादीत उथळ भावना आहेत, पश्चात्तापाचा अभाव आहे. मालिकावाले इथवर वाचतात आणि थांबतात. त्याच यादीत कंटाळा सहन न होणं आहे, उतावीळपणा आहे, रागावरचा ताबा सुटणं आहे. यंत्राला कंटाळा येत नाही, हेवा वाटत नाही, अपमान झोंबत नाही. या माणसाला ते सगळं होतं. त्याला फक्त दुसऱ्याचं दुखणं टोचत नाही. ते त्याला कळतं मात्र नेमकं. समोरची बाई कशाने हळवी होईल हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती ती दागिने देईलच कशी?

आपल्याकडचा खलपुरुष मुळात थंड नव्हताच. ५ नोव्हेंबर १८४३ ला सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्या काळच्या खेळांतला राक्षस 'अललल डुर्र' अशी आरोळी ठोकत रंगभूमीवर यायचा. शेवटच्या ओळीतल्या माणसालाही कळायचं की राक्षस आला. पुढे सांगलीशेजारच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिलं, तेव्हा मराठी प्रेक्षकासमोर दुसऱ्या जातीचा खल उभा राहिला. मूळ नाटकातला इयागो सगळ्यांशी हसतो, सगळे त्याला 'प्रामाणिक' म्हणतात, आणि एकटा सापडला की प्रेक्षकाला स्वगतात आपला बेत सांगतो. तो बेत सांगताना द्वेषाची कारणं देतो : बढती डावलली, बायकोबद्दल संशय आहे, आणखी काही. कारणं एकमेकांना धरून नाहीत. म्हणजे डावपेच थंड डोक्याने, पण डोक्यात कायम काहीतरी खदखदणारं. त्या स्वगतांत इयागो स्वतःलाच पटवत असतो, असं मला वाटतं.

टीव्हीने स्वगताला पार्श्वनिवेदन केलं. 'डेक्स्टर' ही अमेरिकन मालिका १ ऑक्टोबर २००६ ला सुरू झाली, आठ पर्वं चालली. नायक मायामी पोलिसांत रक्ताच्या शिंतोड्यांचा तज्ज्ञ, आणि रात्री खुन्यांचे खून करणारा. पहिल्या भागापासून तो आपल्या कानात सांगतो की माझ्या आत काही नाही, माणसांसारखं वागण्याचं मी सोंग करतो. ही घोषणा मालिकेला फार सोयीची. जागा प्लॅस्टिकने मढवायची, माणूस टेबलाला बांधायचा, गालावर चीर देऊन रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा : सगळं इतकं नीटनेटकं, की बघणारा कारागिरीत रमतो आणि टेबलावर माणूस आहे हे विसरतो. वर बापाने घालून दिलेला नियम, फक्त खुन्यांनाच मारायचं. म्हणजे बघणाऱ्याच्या सदसद्विवेकालाही सुट्टी.

पण मालिका चालली ती या यंत्रावर नाही. चौथ्या पर्वाच्या शेवटी त्याची बायको न्हाणीघरात मरून पडलेली असते आणि तान्हं मूल तिच्या रक्तात बसलेलं असतं, जसा एकेकाळी तो स्वतः आईच्या रक्तात बसला होता. त्या क्षणी प्रेक्षक हादरतो, कारण 'आत काही नाही' हे खोटं होतं हे त्याला दिसतं. म्हणजे मालिका चार पर्वं ज्या थंडपणाची जाहिरात करत होती, तिला उंचीवर जायला त्याच थंडपणाची फट लागली.

'ब्रेकिंग बॅड' (२००८ ते २०१३, ६२ भाग) मला या बाबतीत कितीतरी पुढची वाटते, कारण तिने यंत्र तयार होताना दाखवलं. पहिल्या पर्वातला तिसरा भाग नाटक-मालिका लिहिणाऱ्या प्रत्येकाने वही घेऊन बघावा. अमली पदार्थ बनवू लागलेल्या रसायनशास्त्राच्या मास्तराने एका माणसाला तळघरात खांबाला सायकलच्या कुलपाने बांधलंय. मारायचं की सोडायचं, हे ठरवायला तो कागदावर दोन रकाने आखतो. न मारण्याच्या बाजूला कारणांची रांग, मारण्याच्या बाजूला एकच : सोडला तर हा माझं सगळं कुटुंब संपवेल. तरीही मन होत नाही. तो कैद्यासाठी कडा कापून सँडविच करतो, गप्पा मारतो, सोडायचं जवळजवळ ठरवतो. मग फुटलेल्या ताटलीचे तुकडे जुळवताना लक्षात येतं की एक टोकदार तुकडा कमी आहे. तो कैद्याच्या हातात आहे. मास्तर रडवेला होऊन त्याचा गळा आवळतो, माफी मागत.

दुसऱ्या पर्वात एक तरुणी झोपेत ओकून गुदमरते. मास्तर तिला कुशीवर वळवायला हात पुढे करतो आणि थांबवतो. डोळ्यात पाणी, तोंडावर हात, आणि काही न करणं. पाचव्या पर्वात एका पोराचा खून झाल्यावर तो साथीदाराला सांगतो की मला झोप लागत नाही, आणि पाठ वळताच कामाला लागून शीळ घालतो. रकान्यांच्या कागदापासून त्या शिळेपर्यंतचं अंतर हीच ती मालिका. शीळ पहिल्याच भागात आली असती तर ती फक्त खलनायकाची लकब ठरली असती.

कोणी म्हणेल, त्याच मालिकेतला कोंबडीविक्रीच्या आडून अमली पदार्थांचा धंदा करणारा गुस्ताव्हो फ्रिंग तर यंत्रच आहे. चौथ्या पर्वाच्या पहिल्या भागात तो आपले कपडे उतरवून संरक्षक पोशाख चढवतो, खोकी कापायच्या सुरीने आपल्याच माणसाचा गळा चिरतो, धुतो, पुन्हा टाय बांधतो आणि 'कामाला लागा' म्हणून निघून जातो. बोलणं नाही, घाई नाही. हे खरं. पण त्याच पर्वात पुढे कळतं की वीसेक वर्षांपूर्वी त्याच्या जिवलगाला त्याच्या डोळ्यांसमोर गोळी घातली होती. त्या थंडपणाखाली साठवलेला राग आहे, आणि लेखकांनी त्या रागाच्या कारणाची पावती उशिरा का होईना फाडली. मराठीत आपण सुरीपर्यंतची नक्कल करतो आणि पावतीचं विसरतो.

तिसरं उदाहरण थोडक्यात. 'द सोप्रानोज'च्या पाचव्या भागात (१९९९) टोळीप्रमुख बाप मुलीला कॉलेजं दाखवायला नेतो आणि वाटेत एका जुन्या फितुराचा तारेने गळा आवळतो. भर दिवसा, तोंडाला फेस येईपर्यंत जोर लावून. तारेने त्याचाही हात कापला जातो, बुटांना चिखल लागतो, आणि गाडीत मुलीच्या ते नजरेत भरतं. वाहिनीला भीती होती की प्रेक्षक नायकाला टाकून देतील. प्रेक्षकांनी टाकलं नाही. त्यांना त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू आला होता.

आता हे करायचं कसं. सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात किंवा साताऱ्याच्या शाहू कलामंदिरात एकांकिका करणाऱ्या पोरांसाठी हे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण एकांकिकांत 'सायको' पात्र फार येतं आणि ते बहुतेक वेळा एकाच साच्यातलं असतं : मान तिरकी, बोलणं संथ, डोळे न मिटता रोखलेले.

डोळ्यांपासून सुरू करू. माणूस मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. नट निर्विकारपणासाठी पापणी रोखतो, आणि अर्ध्या मिनिटात डोळ्याला पाणी येतं, कपाळ ताणतं. ते ताणलेलं कपाळ धमकी म्हणून वाचलं जातं, अलिप्तता म्हणून नाही. शिवाय दहाव्या ओळीपलीकडे पापणी दिसतच नाही. नाटकात थंडपणा हातांत ठेवावा. हातांना क्रम असलेलं खरं काम द्या : पंचा घडी करणं, इंजेक्शनची सिरिंज पुसून पेटीत ठेवणं, पावतीपुस्तकात आकडा मांडणं. आधी त्या कामाची गती तालमीत पक्की करा. मग समोरचा माणूस रडायला लागला तरी गती तीच राहू द्या. प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो तो इथं, कारण चेहऱ्यापेक्षा हात कमी खोटं बोलतात. आणि मग एकदाच, फक्त एकदाच, घडी चुकू द्या. ती कुठे चुकावी हे ठरवणं म्हणजेच पात्र समजणं. सगळीकडे चुकली तर तो घाबरट, कुठेच नाही तर लाकडी ठोकळा.

दुसरी चूक विरामाची. रोजच्या बोलण्यात एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. नट 'थंड' व्हायचं म्हणून प्रत्येक वाक्याआधी दोन सेकंद थांबतात. चार वाक्यांत कान त्याला सरावतो आणि पात्र नुसतं सुस्त वाटतं. भाजीचा भाव, पावसाची चौकशी, पोराच्या शाळेचं बोलणं नेहमीच्या वेगाने व्हायला हवं, किंबहुना जरा चटपटीत. विराम ठेवायचा तो जिथे सभ्य माणसाला चटकन काही वाटायला हवं तिथे. 'माझी आई गेली' असं समोरच्याने सांगितलं, आणि उत्तर यायला सेकंदभर उशीर झाला. तो सेकंद म्हणजे योग्य चेहरा शोधायला लागलेला वेळ. सोंगाला वेळ लागतो, हे प्रेक्षकाला न सांगता कळतं.

आवाजाबद्दल एवढंच : कुजबुज टाळा. शेवटच्या ओळीला ऐकू जात नाही.

कॅमेऱ्यासमोर गणित बदलतं. १९१०-२० च्या दशकांत रशियात लेव्ह कुलेशोव यांनी मोझुखिन या नटाचा तोच कोरा चेहरा सूपाच्या थाळीला, शवपेटीला, तरुणीला जोडून दाखवला; प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख, वासना दिसली. कोऱ्या चेहऱ्यात भाव भरायचं काम बघणारा स्वतः करतो, अट एवढीच की जोडीला काय दाखवलं आहे ते नेमकं हवं. दैनिक मालिकेत घोळ होतो तो इथेच. अर्ध्या तासाच्या खिडकीत जाहिराती वगळून साधारण २२ मिनिटं उरतात, आठवड्याला सहा भाग, म्हणजे रोज जवळजवळ एका भागाइतकं चित्रीकरण उरकायचं. मिनिटं कमी पडली की संकलक प्रतिक्रियांचे तुकडे लावतो : नायकाचा चेहरा, आजीचा चेहरा, पोराचा चेहरा, पुन्हा नायक, प्रत्येकावर संगीताचा दणका. त्यात नायकाच्या कोऱ्या चेहऱ्याखाली 'धडाम' वाजलं की कोरेपणा संपला. नटाने कष्टाने काही न दाखवलेलं संगीतकाराने दाखवून टाकलं. वर कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. पटकथेत 'तो निर्विकारपणे बघतो' असं असतं, आणि संवादलेखकाला पान भरायचं असल्याने तो त्या निर्विकार माणसाच्या तोंडी पाच ओळींचं तत्त्वज्ञान घालतो. स्वतःच्या थंडपणाबद्दल बोलणारा माणूस थंड राहत नाही, तो फुशारकी मारणारा होतो.

'देवमाणूस'मधल्या नायकाचं, किरण गायकवाड यांच्या 'डॉ. अजितकुमार देव'चं, बरंचसं श्रेय नटालाच जातं, हेही सांगायला हवं. गावासाठीचं आर्जव आणि दार लावल्यावर उतरणारा चेहरा यांतला बदल त्यांनी चांगला पकडला. आर्जव खरं वाटत होतं, म्हणून उतरलेला चेहरा भीती घालत होता. मालिकेने मात्र त्या उतरण्यावरच फार भर दिला. आर्जव टिकवायला त्याला काय पडतं, रात्री-अपरात्री उठून खोटी नाडी बघताना त्याला धास्ती वाटते का, एखाद्या रुग्णाला खरंच बरं वाटलं तर त्याला आवडतं का, यात जास्त मोठं नाट्य होतं. आवडतं, अशीच माझी खात्री आहे. 'देवमाणूस' म्हणवून घ्यायची हौस असलेला माणूस यंत्र असूच शकत नाही.

इथून हा प्रश्न नुसता अभिनयाचा राहत नाही. सांगली जिल्ह्यातली मिरज हे दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केलं, तेव्हापासून सातारा-सांगली-कोल्हापूरपासून कर्नाटकापर्यंतची माणसं मिरजेला येतात. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या डॉक्टरला अलिप्तता शिकावी लागते. हात थरथरला तर रुग्ण जातो. म्हणजे खरा डॉक्टर पुष्कळदा तुटक बोलतो, कमी हसतो, दोन मिनिटांत उठतो. आणि बोगस डॉक्टर? तो घरी येतो, खाटेवर बसतो, चहा घेतो, पैशाचं नंतर बघू म्हणतो. उपचार येत नसल्याने त्याच्याकडे विकायला आपुलकीच असते. 'थंड नजरेचा खुनी' ही प्रतिमा सतत दाखवून मालिका प्रेक्षकाला उलटं शिकवतात : डोळ्यांत बघ, तुला कळेल. कळत नाही. कळतं ते कागदावरून. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ च्या कलम ३३ खाली नोंदणीशिवाय वैद्यकी करणं गुन्हा आहे. ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी यांच्या परिषदा वेगवेगळ्या आणि त्यांच्या नोंदवह्याही. दवाखान्यात गेल्यावर भिंतीवरचा नोंदणी क्रमांक बघायचा, तो कुठल्या परिषदेचा ते विचारायचं, आणि त्या पदवीचा माणूस ती सुई टोचायला पात्र आहे का तेही. हा प्रसंग मालिकेत रंगवता येतो. गावातली एखादी आशाताई भिंतीवरचा क्रमांक वहीत उतरवून घेते, नायकाला ते दिसतं, आणि तो हसत हसत तिच्यासाठी चहा सांगतो. नायकाला घाम फोडणारा याहून चांगला प्रसंग मला सुचत नाही, आणि त्याला सुरी लागत नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती मला सगळ्यांत जास्त खुपते. पात्र यंत्रासारखं असण्यापेक्षा मांडणी यंत्रासारखी असणं जास्त वाईट. बाई मेली, ब्रेक, परत आल्यावर 'देवमाणूस'मधल्या सरू आजीची म्हण आणि पोरांचा दंगा. गावाकडचा विनोद चांगलाच होता, पण तो जिथे लावला जातो त्या जागेमुळे मेलेली बाई पुढच्या भागापर्यंतही टिकत नाही. खुनी तिला विसरला हे पात्र म्हणून ठीक आहे. मालिकेने विसरायला नको होतं. धोमच्या प्रकरणातल्या काही बायका आधी नुसत्या 'बेपत्ता' होत्या. बेपत्ता माणसाच्या घरी वर्षानुवर्षं काय चालतं, ते दैनिक मालिकेइतकं चांगलं दुसरं कोणतंच माध्यम दाखवू शकणार नाही, कारण तिच्याकडे वेळ आहे. चौकीच्या फेऱ्या, 'पळून गेली असेल' म्हणणारे शेजारी, रेशनकार्डावरचं नाव कमी करायचं की ठेवायचं यावरून होणारी कुजबुज, देव्हाऱ्यात फोटो लावायचा की नाही हे न ठरवता आलेली आई.

व्यवहारात हे अवघड नाही. मयताच्या घरचं एक पात्र शेवटच्या भागापर्यंत करारावर ठेवायचं, आठवड्याला एक प्रसंग, तीन मिनिटं पुरेत. खर्च एका कलाकाराचा आणि एका घराच्या सेटचा. त्या तीन मिनिटांवर संगीत टाकायचं नाही, आणि त्यातला एखादा प्रसंग नायकाच्याच दवाखान्यात ठेवायचा : आईला रक्तदाबाचा त्रास सुरू झालाय, गावात दुसरा डॉक्टर नाही, आणि ती त्याच्यासमोर दंड पुढे करून बसली आहे. पट्टा त्यालाच बांधायचा आहे.